ग्वाल्हेरच्या बायजाबाई



विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास' हें पुस्तक आपणांपैकीं पुष्कळांनीं वाचलें असेल. कोंकणांतील वरसई गांवचा हा गरीब भिक्षुक घरचें कर्ज फिटावें म्हणून १८५७ सालीं उत्तर हिंदुस्थानच्या वाटेला लागला, बंडाच्या वणव्यांत सांपडला, झांशीचा वेढा त्यानें डोळ्यांनीं पाहिला आणि दोनचार वेळां लुटला जाऊन जवळजवळ रिकाम्या हातांनीं तो घरीं परतला. झांशीच्या राणीमुळें तें पुस्तक आपल्या लक्षांत राहतें. परंतु गोडसेभटजींनीं घर सोडलें तें राणी लक्ष्मीबाईंसाठीं नव्हे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, दानधर्मांत लाखों रुपये खर्च होणार आहेत, अशी वार्ता त्यांच्या कानीं आली होती आणि त्या दक्षिणेच्या आशेनें ते निघाले होते.

या बायजाबाई त्या वेळीं सत्तरी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे पति दौलतराव शिंदे यांना वारून तीस वर्षें झालीं होतीं. स्वतःच्या हातांतील राज्यकारभार गेल्यालाहि चोवीस वर्षें लोटलीं होतीं. मग राज्य गेलेल्या एका वृद्ध विधवेच्या नांवावर कोंकणांतला भिक्षुक शेंकडों कोस चालून जाण्यास तयार व्हावा, एवढी पत त्या नांवाला कशी उरली? आजच्या भाषणांत मला या एका प्रश्नाच्या अनुरोधानें बाईंचें चरित्र आपल्यापुढें ठेवावयाचें आहे.

राजाच्या पत्नीची स्थिति मोठी विलक्षण असते. राजाला गादी असते, दिवाणाला शिक्का असतो, सरदाराला पथक आणि सरंजाम असतो. राणीला काय असतें? मान असतो, खासगीची नेमणूक असते, आणि पतीची मर्जी असेल तोंवर वजन असतें. हें वजन पुष्कळदां दिवाणापेक्षां जास्त भरतें. पण तें कोणत्याहि कागदावर लिहिलेलें नसतें, आणि पतीबरोबर तें सरणावर जातें. बायजाबाईंना ही गोष्ट फार लहानपणीं कळली असली पाहिजे, असें मला वाटतें. तें कां, तें सांगतों.

बायजाबाईंचा जन्म १७८४ च्या सुमाराचा. माहेर कागलकर घाटग्यांचें. वडील सखाराम घाटगे, म्हणजेच पुढें 'सर्जेराव' या किताबानें कुप्रसिद्ध झालेला गृहस्थ. महादजी शिंदे १७९४ सालीं पुण्याजवळ वानवडीस वारले आणि दौलतराव हा त्यांचा अवघ्या चौदापंधरा वर्षांचा वारस शिंदेशाहीच्या गादीवर बसला. सर्जेरावाची मुलगी देखणी आहे हें त्याच्या कानीं गेलें, आणि सर्जेरावानेंहि या संधीचें पुरें मोल वसूल केलें. १७९८ सालीं पुण्यांत हें लग्न झालें. सोयरिकीच्या पाठोपाठ घाटग्यास शिंद्यांची दिवाणगिरी मिळाली.

हें लग्न पुण्याला फार महाग पडलें. दुसऱ्या बाजीरावानें पेशवाई मिळविण्यासाठीं दौलतरावांस दोन कोटि रुपये देण्याचें कबूल केलें होतें. लग्नाच्या थाटामाटामुळें पैशाची निकड वाढली. दौलतरावांनीं तगादा लावला, तेव्हां बाजीरावानें हात वर केले आणि पुण्यांतल्या सावकारांकडून व नाना फडणीसांच्या पक्षाच्या लोकांकडून रक्कम उकळण्याचें काम सर्जेरावाकडे सोंपवावें, अशी तोड सुचविली. पुढें जें झालें त्याच्या आठवणी पुण्यांत कैक पिढ्या निघाल्या नाहींत. अब्रूदार माणसांना घरांतून ओढून काढणें, मारहाण करणें, तापलेल्या तोफेला बांधणें, असे प्रकार झाले. ज्या शहरांत नवरीची मिरवणूक निघाली, त्याच शहरांत त्याच वर्षीं नवरीच्या बापानें हा कहर मांडला. बाईंचें वय तेव्हां चौदा. त्यांच्या माथीं या पापाचा भाग मारणें अन्यायाचें होईल; पण इतिहासानें त्यांच्याकडे पुष्कळ दिवस 'सर्जेरावाची लेक' म्हणूनच पाहिलें, हेंहि खरें.

माझ्या मतें पुण्याच्या लुटीहूनहि बाईंच्या मनावर अधिक खोल ठसा उमटविणारी गोष्ट शिंद्यांच्या छावणींतच घडली. महादजींच्या विधवा मागें राहिल्या होत्या. पतीच्या हयातींत ज्यांच्यापुढें सरदार वांकत, त्यांची नेमणूक आतां नीट पोंचेना. त्यांनीं तक्रार केली, लष्करांतल्या शेणवी मुत्सद्द्यांनीं त्यांचा पक्ष घेतला, आणि घाटग्यानें त्यांच्या तंबूंत शिरून त्यांना पकडलें व फटके मारले, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. त्यांतून जें भांडण पेटलें तें 'बायांचें बंड' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यानें शिंद्यांचें राज्य दोन वर्षें पोखरून काढलें. एवढ्या मोठ्या पुरुषाच्या स्त्रियांची त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांत ही गत झाली, आणि ती करणारा हात आपल्या पित्याचा होता! नव्या राणीला आपलें भवितव्य दिसावयास याहून स्पष्ट आरसा कोणता हवा?

पुढील काळ लढायांचा. १८०३ च्या सप्टेंबरांत असईस वेल्सलीनें शिंदे-भोंसल्यांचा मोड केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुर्जी-अंजनगांवचा तह झाला. त्याची हकीकत आपल्या परिचयाची असल्यामुळें ती येथें सांगत बसत नाहीं. परंतु नोव्हेंबर १८०५ मध्यें जो दुसरा तह झाला, त्यांतील दोन कलमें आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकीं आहेत. एका कलमानें कंपनी सरकारनें दौलतरावांना सालीना चार लाखांची नेमणूक दिली, आणि त्याच्या जोडीला बायजाबाईंच्या नांवें दोन लाखांची व त्यांची कन्या चिमणाबाई हिच्या नांवें एक लाखाची जहागीर तोडून दिली. दुसऱ्या कलमानें दौलतरावांकडून असें वचन घेतलें कीं, सर्जेराव घाटग्यास पुन्हां कधींहि आपल्या कारभारांत घेणार नाहीं. एकाच कागदावर बाप बाहेर आणि लेक आंत! इंग्रज वकील माणसें ओळखण्यांत पटाईत होते. शिंद्यांच्या घरांत कोणाला राजी राखलें पाहिजे हें त्यांनीं हेरलें होतें. आणि बाईंच्या बाजूनें पाहिलें तर, वयाच्या एकविसाव्या वर्षीं त्यांच्या नांवावर अशी मिळकत झाली कीं जिला तहाचा आधार होता. नुसत्या पतीच्या मर्जीचा नव्हे. सर्जेराव पुढें १८०९ सालीं छावणींतच मारला गेला. लेकीचें वजन त्यामुळें कमी झालें नाहीं.

१८१० च्या सुमारास शिंद्यांची फिरती छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं स्थिरावली. तंबूंच्या जागीं घरें उभीं राहिलीं आणि त्या वस्तीला लष्कर हेंच नांव पडलें. दौलतराव स्वभावानें सुखासीन, निर्णय लांबणीवर टाकणारे. बाई उत्तम घोडेस्वार, हिशेबाला चोख, आणि बोलण्यांत रोखठोक. १८१७ सालीं पेशव्यांनीं इंग्रजांवर अखेरचें शस्त्र उचललें तेव्हां शिंद्यांनीं पेशव्यांना मिळावें असा बाईंचा आग्रह होता. दौलतरावांनीं नोव्हेंबरांत इंग्रजांच्या तहावर सही केली. त्यावर बाईंनीं त्यांस भ्याडपणाचा बोल लावला आणि कांहीं दिवस त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या, असें सांगतात. पुढच्याच वर्षीं अजमेर इंग्रजांच्या हवालीं करण्याचा प्रश्न निघाला, त्यालाहि त्यांचा विरोध होता. अजमेर गेलें. राणीला सल्ला देतां येतो, रुसतां येतें; सही राजाची असते.

दौलतराव २१ मार्च १८२७ रोजीं वारले. त्यांना पुत्र नव्हता. रेसिडेंट मेजर स्टुअर्ट यानें दत्तक घेण्याविषयीं त्यांना वारंवार सुचविलें, पण शेवटपर्यंत त्यांनीं तें केलें नाहीं. आपल्यामागें बायजाबाईंनीं राज्य चालवावें ही त्यांची इच्छा होती. ती इच्छा मात्र त्यांनीं अशा मोघमपणें बोलून दाखविली कीं तिचा अर्थ ज्यानें त्यानें आपल्या सोयीप्रमाणें लावावा. बाईंनीं राज्य चालवावें तें किती दिवस? हयातभर, कीं दत्तक मुलगा वयांत येईपर्यंत? पुढचा सगळा अनर्थ या एका न सांगितलेल्या शब्दांतून उत्पन्न झाला.

जूनमध्यें शिंद्यांच्या कुळांतील मुकुटराव नांवाचा अकरा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचें नांव जनकोजीराव ठेवलें, आणि बाईंच्या दौहित्रीशीं त्याचें लग्न लावून देण्यांत आलें. बाईंचे बंधु हिंदुराव घाटगे दरबारांत वजनदार झाले. कारभार बाई पाहूं लागल्या. पडद्याआड बसून त्या रेसिडेंटाशीं बोलत, परंतु त्यांचें बोलणें पडदानशीन नव्हतें. दौलतरावांच्या दिरंगाईला कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना प्रथम त्यांच्या कामाच्या उरकाचें कौतुक वाटलें, आणि मग थोड्याच दिवसांत त्याची भीति वाटूं लागली.

येथें मला बाईंच्या चरित्रांतील सर्वांत महत्त्वाच्या अंगाकडे वळावयाचें आहे. मराठ्यांच्या इतिहासांत तलवार चालविणाऱ्या स्त्रिया आहेत, राज्य चालविणाऱ्या स्त्रिया आहेत. पेढी चालविणारी राणी मात्र विरळा. फौजेचा पगार थकला म्हणजे सावकाराच्या दाराशीं जावें, सावकारानें मुलखाचा वसूल लिहून घ्यावा, आणि वसूल गेला म्हणजे पुन्हां फौजेचा पगार थकावा, या फेऱ्यांत दौलतरावांचें आयुष्य गेलें. बाईंनीं तो फेरा उलटा फिरविला. त्या स्वतःच सावकार झाल्या. उज्जनीस त्यांच्या पेढ्या होत्या. उज्जनी म्हणजे माळव्याच्या अफूच्या व्यापाराचें ठाणें, त्यामुळें पैसा तेथें अहोरात्र हलत असे. काशीपर्यंत त्यांच्या हुंड्या चालत. प्रत्यक्ष कंपनी सरकारनेंहि त्यांच्या कारकीर्दींत ग्वाल्हेरकडून मोठें कर्ज काढलें. आपल्या राज्याच्या तोंडाशीं तोफा रोखून बसलेला शेजारी आपला ऋणको असावा, यांत धनकोची सुरक्षितता कितपत असते हा प्रश्न निराळा. पण रेसिडेंटाला या बाईंशीं बोलतांना आवाज जरा खालीं ठेवावा लागे, एवढें खरें.

पतीच्या निधनानंतर एकदोन वर्षांतच त्यांनीं काशीस विश्वेश्वराच्या मंदिराशेजारीं ज्ञानवापीच्या विहिरीवर दगडी मंडप बांधविला. चाळीस खांब, चार रांगा. उज्जनीचें गोपाळ मंदिरहि त्यांचेंच. धर्मकार्याचा हेतु त्यांत होताच. त्याबरोबर या बाईंच्या पेढीची हुंडी काशीस वटते हें लाखों यात्रेकरूंच्या मनावर ठसत होतें, असें म्हटल्यास मीं त्यांच्या भक्तीचा अनादर केला असें कोणी समजूं नये. अहल्याबाई होळकरांच्या घाटांविषयींहि असेंच म्हणतां येईल.

आतां दुसरी बाजू. जनकोजीराव मोठे होऊं लागले. बाईंनीं त्यांना राज्यकारभारापासून दूर ठेवलें, त्यांच्याभोंवतीं पहारे ठेवले, आणि पुढें कारभार उचलतां येईल असें शिक्षण दिलें नाहीं. या आरोपांतून त्यांना मोकळें करतां येईल असें मला वाटत नाहीं. ज्या बाईंना एवढी दूरदृष्टि होती, त्यांना सोळा वर्षांच्या मुलाच्या मनांत काय साठत आहे हें दिसूं नये, ही आश्चर्याची गोष्ट आहे. कदाचित् दिसत असेल, आणि म्हणूनच भीति वाटत असेल. महादजींच्या विधवांच्या पाठीवरचे वळ त्या विसरल्या नसतील. पण भीतीचें कारण समजलें म्हणून भीतीनें केलेली चूक पुसली जात नाहीं. मुलाला विश्वासांत घेऊन हळूहळू शिक्का त्याच्या हातीं दिला असता, तर राजमाता म्हणून त्यांचें आसन जन्मभर हललें नसतें.

१८३२ सालीं जनकोजीराव रेसिडेन्सींत आश्रयास गेले. डिसेंबरांत गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक स्वतः ग्वाल्हेरीस आले. आतां तरी राज्य कोणाचें याचा निकाल लागेल असें दोन्ही पक्षांना वाटलें. निकाल लागला नाहीं. मुलाला सबुरीचा उपदेश मिळाला, बाईंना गोड शब्द मिळाले, आणि दोघांनींहि आपल्याला हवा तो अर्थ काढून घेतला. जुलै १८३३ मध्यें सैन्यांतील पलटणींनीं जनकोजीरावांची बाजू घेतली. बाईंना वाडा सोडावा लागला. रेसिडेन्सीचा आसरा घेऊन त्या आपल्या लोकांसह कंपनीच्या मुलखांत, आग्र्याकडे गेल्या. इंग्रजांनीं जनकोजीरावांना मान्यता दिली. सहा वर्षांची कारकीर्द चार दिवसांत संपली.

राज्य गेलें, पण पैसा सगळा गेला नव्हता, कारण तो ग्वाल्हेरच्या खजिन्यांतच होता असें नाहीं. ही संपत्ति बाईंची खासगी कीं ग्वाल्हेर दरबारची, हा वाद मग पुष्कळ दिवस चालला. राज्याच्या वसुलांतून उभारलेली पेढी राणीची खासगी कशी, हा दरबाराचा प्रश्न. आणि तहानें मिळालेल्या जहागिरीचें उत्पन्न मीं वाढविलें तर तें माझें कां नव्हे, हा बाईंचा. दोन्ही प्रश्न खरे होते. खासगी आणि दौलत यांच्यामधली रेघ त्या काळीं कोणत्याच संस्थानांत नीट आंखलेली नव्हती.

या हद्दपारींतलें बाईंचें एक चित्र सुदैवानें आपल्यासाठीं रेखाटून ठेवलेलें आहे. १८३५ सालीं बाई फत्तेगडास तंबूंत राहत असतां फॅनी पार्क्स नांवाची एक इंग्रज बाई त्यांना भेटावयास गेली. हिंदुस्थानांत पुष्कळ वर्षें काढलेली, चौकस आणि घोड्यावर बसण्याची शौकीन अशी ही बाई होती. तिनें आपल्या प्रवासाचें पुस्तक १८५० सालीं छापलें. तिला दिसल्या त्या केस पिकलेल्या, किंचित् स्थूल, हंसतांना फार गोड दिसणाऱ्या बायजाबाई. अंगावर साधें तांबडें रेशमी वस्त्र, आणि हातांत सोन्याचीं दोन लहानशीं कडीं. वैधव्यामुळें दुसरा दागिना नाहीं. घोड्यांचा विषय निघाला. दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसण्याची मडमांची तऱ्हा पाहून मराठा स्त्रियांना हंसूं आवरेना. मग पार्क्सबाईंनीं मराठी तऱ्हेनें वस्त्र नेसून, घोड्यावर दोहोंकडे पाय टाकून रपेट केली. आणि ही बैठक इतकी सोयीची वाटली कीं एलिझाबेथ राणीनें विलायतेंतली स्त्रियांची रीत उगीच बदलली, असा शेरा त्यांनीं लिहून ठेवला.

पण त्या भेटींतलें खरें बोलणें विधवांविषयीं आणि बायकांच्या हक्कांविषयीं झालें. हिंदु विधवेचे हाल पार्क्सबाईंना ठाऊक होते. उलट विलायतेंत लग्न झालेल्या स्त्रीची स्थिति कायद्यानें कशी नवऱ्याच्या दासीसारखी असते, हें त्यांनीं बाईंना सांगितलें. हा संवाद तंबूंत बसून ऐकावयास मिळता तर काय बहार झाली असती! इंग्लंडांत विवाहित स्त्रीच्या मिळकतीवर तिचा स्वतःचा पुरा हक्क मान्य करणारा कायदा व्हावयास १८८२ साल उजाडावें लागलें. आणि येथें समोर बसलेली राज्यभ्रष्ट विधवा पतीच्या हयातीपासून स्वतःच्या नांवाची जहागीर खात आली होती, आणि जिनें तिला राज्यावरून उठविलेलें पाहिलें त्या कंपनीची ती एके काळीं सावकार होती.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. बाई कांहीं वर्षें नाशिकास राहिल्या. इकडे ग्वाल्हेरांत जनकोजीराव १८४३ च्या फेब्रुवारींत निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई तेराएक वर्षांची पोर. तिच्या मांडीवर जयाजीराव दत्तक दिले गेले, आणि लहान राजा व लहान राणी यांच्या नांवानें कारभाऱ्यांची झोंबाझोंबी सुरू झाली. लॉर्ड एलेनबरो फौज घेऊन आले. २९ डिसेंबर १८४३ या एका दिवशीं महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणीं शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला, आणि ग्वाल्हेरचें उरलेंसुरलें स्वातंत्र्य त्या दिवशीं संपलें. दहा वर्षांपूर्वीं ज्यांनीं बाईंना घालविलें त्यांनाहि त्या वेळीं त्यांची आठवण झाली असेल.

कालांतरानें बाईंना माळव्यांत, आणि नंतर ग्वाल्हेरींत परतण्याची मोकळीक मिळाली. मथुरेच्या यज्ञाची ती कोंकणपर्यंत पोंचलेली वार्ता या दिवसांतली. मग १८५७ साल आलें. बंडवाल्यांना शिंद्यांच्या घरांतील एखादें वजनदार नांव आपल्या बाजूस हवें होतें, आणि जयाजीराव इंग्रजांना सोडीनात. तेव्हां बायजाबाईंनीं पुढें व्हावें अशीं पत्रें त्यांच्याकडे आलीं. चाळीस वर्षांपूर्वीं पेशव्यांना मिळत नाहींत म्हणून पतीला भ्याड म्हणणाऱ्या बाईंनीं तीं पत्रें इंग्रज अधिकाऱ्यांकडे पाठवून दिलीं.

हा प्रसंग वाचतांना प्रथम मन खट्टू होतें, हें मी कबूल करतों. पण १८१७ मधली तेहतीस वर्षांची राणी आणि ही वृद्ध विधवा यांच्यामध्यें बेंटिंकचे गोड शब्द आहेत, फत्तेगडचे तंबू आहेत, आणि महाराजपूरचा पराभव आहे. कोणाची फौज किती दिवस टिकते याचा हिशेब त्यांनीं मांडला, आणि हिशेबांत त्या क्वचितच चुकत. जून १८५८ च्या आरंभीं राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब ग्वाल्हेरीवर चालून आले. शिंद्यांची फौज त्यांना मिळाली, जयाजीराव आग्र्याकडे पळाले. बायजाबाई राजवाड्यांतील राण्यांना बरोबर घेऊन नरवरकडे निघून गेल्या. तीन आठवड्यांच्या आंत लढाई संपली, झांशीची राणी रणांत पडली, आणि जयाजीराव परत गादीवर बसले.

राण्यांना घेऊन बाईहि परतल्या. १८६३ सालीं त्यांचें देहावसान झालें.